मराठी मजकुराच्या ओपन सोर्स लायब्ररीला स्वयंसेवी रिव्ह्यूअर कसे मिळवायचे?

विश्रामबाग_पायथन (सांगली)

नमस्कार मंडळी. मराठी मजकुरासाठीची एक पायथन लायब्ररी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली उघडी आहे. तिच्यात तीन मॉड्यूल आहेत. एक शब्द मराठी वर्णक्रमाने लावतं, दुसरं शब्दातली अक्षरं सुटी करतं आणि तिसरं वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टंकलेला मजकूर एकसारखा करतं, म्हणजे नॉर्मलायझर. कोड अडीच हजार ओळींच्या आसपास. टेस्ट आहेत, पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साठ्यावर ०.६ आवृत्ती आहे. मुख्य वापर ग्रंथालयांच्या याद्या आणि पुस्तकांच्या शब्दसूचींसाठी.

अडचण अशी की लिहिणारा, तपासणारा आणि मर्ज करणारा, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणारा, माणूस एकच आहे. रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलीत, 'रिव्ह्यूअर हवेत' असं लिहून ठेवलंय, त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की अंगठे येतात, रिव्ह्यू येत नाही. पैसे द्यायची सोय नाही.

जाणकार माणसं कुठे शोधायची आणि त्यांच्यापुढे नेमकं काय ठेवायचं? दुसरं म्हणजे, ज्यांना मराठी लेखनाचे बारकावे कळतात त्यांना पायथन येत नाही आणि पायथनवाल्यांना ळ कुठे लावायचा हे माहीत नसतं. हा तिढा कसा सोडवायचा? सांगली-सातारा-कोल्हापूरकडचं कुणी मिळालं तर उत्तम, पण तशी अट नाही.

कराडचा_गिट

माणसं शोधण्याआधी काम कापा. 'रिव्ह्यूअर हवेत' या दोन शब्दांत किती वेळ जाईल, कुठली फाइल बघायची, कशावर मत हवंय, यातलं काहीच कळत नाही. अडीच हजार ओळी बघून चांगला माणूसही नंतर बघू म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. एका बैठकीत लक्ष देऊन दोनशे ते चारशे ओळी वाचून होतात. तेवढाच तुकडा द्या.

आता खरी अडचण: जुना, आधीच मर्ज झालेला कोड ओळीओळीवर कमेंट टाकता येईल असा कसा दाखवायचा? नवीन बदल मुख्य कोडमध्ये घ्या असं सुचवणारा पुल रिक्वेस्ट (पीआर) असतो, जुन्या कोडचा नसतो. बरेच जण इथे ऑर्फन ब्रांच, म्हणजे मागचा इतिहास नसलेली शाखा, काढतात आणि अडकतात, कारण दोन ब्रांचांचा इतिहास कुठेच जुळत नसेल तर गिटहब पीआर उघडूच देत नाही. त्यावर सोपी युक्ती आहे. मेन या मुख्य ब्रांचवरून 'तपासणी-पाया' नावाची ब्रांच काढा, त्यात फक्त तपासायचं मॉड्यूल डिलीट करून कमिट करा (नोंदवा) आणि पुश करा (गिटहबवर चढवा). मग त्या ब्रांचवरून 'तपासणी' नावाची दुसरी ब्रांच काढा आणि गिट चेकआउट मेन, मग दोन डॅश, मग फाइलचा पाथ, असं करून तीच फाइल परत आणा, कमिट करा, पुश करा. आता पीआर 'तपासणी'कडून 'तपासणी-पाया'कडे उघडा. सगळं मॉड्यूल हिरव्या ओळींत दिसतं आणि प्रत्येक ओळीवर बोलता येतं.

यात चुकतं ते एकाच जागी. गिटहब पीआरचा बेस, म्हणजे ज्या ब्रांचशी तुलना करायची ती, आपोआप मेन धरतो. तो बदलायला विसरलात तर फरक शून्य दिसतो आणि माणूस म्हणतो, इथे तर काहीच नाही. पीआर ड्राफ्टच ठेवा आणि वर ठळक लिहा की हा मर्ज करायचा नाही. सुधारणा वेगळ्या पीआरने थेट मेनवर जाऊ द्यात.

तपासणी चालू असेपर्यंत एक टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, गोठवा, समजा ०.६.१. रिव्ह्यूअर वाचत असताना खालून कोड हलत राहिला की त्याने काढलेली चूक तिसऱ्याच ओळीवर जाते आणि तो वैतागतो. यात त्याचा काय दोष?

माणसं कुठे शोधायची म्हणाल, तर तीन ठिकाणं. पहिलं, रेपोच्या (गिटहबवरच्या कोडच्या जागेच्या) इनसाइट्समध्ये डिपेंडन्सी ग्राफ आणि त्यात डिपेंडंट्स. तुमची लायब्ररी ज्यांच्या रेपोत आहे ते तिथे दिसतात. ती तुटली तर त्यांचंच काम अडतं, त्यामुळे ते बघतात. दुसरं, ज्यांनी कधी ना कधी नीट लिहिलेला इश्यू, म्हणजे तक्रार किंवा सूचना, टाकलाय ते. तिसरं, शेजारच्या प्रकल्पांतली मंडळी: भारतीय भाषांसाठीची इंडिक एनएलपी लायब्ररी, मल्याळमसाठीचं स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग. मल्याळमवाल्यांना ळ आणि जोडाक्षरांची दुखणी आपल्याइतकीच ठाऊक आहेत. पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषद २००९पासून भरते, तिच्यातल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे एकत्र बसून कोड लिहायच्या सत्रांतही, अशी माणसं भेटतात, पण तिथे जाताना कापलेला तुकडा तयार हवा.

अजिंक्यतारा_वाचक (सातारा)

वरचं सगळं कोड रिव्ह्यूबद्दल झालं. पिअर रिव्ह्यूचा, म्हणजे बरोबरीच्या जाणकारांकडून तपासणीचा, दुसराही रस्ता आहे, जिथे रिव्ह्यूअर शोधण्याचं काम संपादक करतो. तुम्हाला तो जास्त लागू पडेल असं वाटतं.

जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर, लोक त्याला जॉस म्हणतात, २०१६पासून चालू आहे. लेखकाकडून पैसे घेत नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. सगळी तपासणी गिटहबच्या एका इश्यूत उघड्यावर होते. आधी प्री-रिव्ह्यू इश्यू उघडतो, संपादक ठरतो, तो निदान दोन रिव्ह्यूअर गाठतो, मग त्या दोघांना एकेक चेकलिस्ट मिळते: परवाना ओएसआय या ओपन सोर्स परवाने पारखणाऱ्या संस्थेने मान्य केलेला आहे का, सांगितल्याप्रमाणे इन्स्टॉल होतं का, जे होतं म्हणून लिहिलंय ते खरंच होतं का, टेस्ट आपोआप चालतात का, गरज कुणाची आणि कसली हे लिहिलंय का, हातभार लावायचा असेल तर कसा हे लिहिलंय का. सोबत छोटा निबंध लागतो, मार्कडाउनमध्ये. शेवटी झेनोडो या संग्रहावर कोडची प्रत ठेवायची आणि डीओआय, म्हणजे संदर्भ देण्यासाठीचा कायमचा क्रमांक, मिळतो. रिव्ह्यूअरांची नावं लेखावर छापली जातात. फुकट काम करणाऱ्याला निदान नाव तरी मिळतं.

अट एकच मोठी: संशोधनात उपयोग दिसला पाहिजे. 'पुस्तकांची सूची लावते' एवढ्यावर भागणार नाही. 'मराठी भाषाशास्त्र, कोशरचना आणि ग्रंथालयशास्त्रातल्या मजकुरावर काम करताना ही पायरी लागते' हे उदाहरणासकट मांडा. सगळा कोड एका कमिटमध्ये ओतलेला असेल तर संपादक हटकून विचारतो.

पायओपनसाय या पायथन पॅकेजं तपासणाऱ्या गटाचा मार्गही बघा. तिथेही एक संपादक, दोन रिव्ह्यूअर, आणि रिव्ह्यूअरला साधारण तीन आठवडे. आधी प्रीसबमिशन चौकशी टाकता येते, म्हणजे आपलं काम त्यांच्या कक्षेत बसतं की नाही हे अर्ज भरण्याआधीच कळतं. तिथे पास झालेलं पॅकेज जॉसच्या कक्षेत असेल तर जॉस कोडची पुन्हा तपासणी करत नाही, त्यामुळे एकाच मेहनतीत दोन्ही होतं. आर या भाषेत काम करणाऱ्यांसाठी आरओपनसाय २०१५पासून हेच करतं, त्यांची रिव्ह्यूअरसाठीची मार्गदर्शिका पायथनवाल्यांनीही वाचावी इतकी चांगली आहे.

आणि माणसं मिळवायची सगळ्यात खात्रीची वाट सांगू का? आधी दुसऱ्याचं एखादं पॅकेज तपासून द्या. जॉस आणि पायओपनसाय, दोन्हीकडे रिव्ह्यूअर म्हणून नाव नोंदवता येतं. चेकलिस्ट पलीकडून कशी दिसते ते कळतं आणि पुढे कुणाला विचारायचं हेही कळतं.

विश्रामबाग_पायथन (सांगली)

दोघांचेही आभार. ती पाया-ब्रांचची युक्ती तर लगेच करून बघण्यासारखी आहे. दोन शंका. जॉसला रिव्ह्यूअर सुचवता येतात असं वाचलं. मग कॉलेजमधले प्रकल्पाचे मार्गदर्शक सर सुचवले तर चालतील का? त्यांना हा विषय चांगला माहीत आहे. आणि शब्द वर्णक्रमाने लावण्यासाठी पायआयसीयू हे पॅकेज वापरलंय, ते लिनक्सवर चालतं पण विंडोजवाले तक्रार करतात. हे आधी सोडवावं की तपासणीतच निघू द्यावं?

अजिंक्यतारा_वाचक (सातारा)

सर चालणार नाहीत. जॉसच्या नियमात गुरू-शिष्य, घरचे लोक आणि धंद्यातले भागीदार कायमचे बाद. गेल्या चार वर्षांत ज्यांच्याबरोबर निधीचं संशोधन किंवा प्रकाशन केलंय तेही बाद, आणि गेल्या वर्षभरात एकाच संस्थेत असलेलेही. म्हणजे वालचंद कॉलेजला असाल तर वालचंदमधलं कुणी सुचवू नका, विलिंग्डन किंवा शिवाजी विद्यापीठातलं चालेल, बाकी संबंध नसतील तर. सरांना आधी घरच्या घरी वाचायला द्या, त्याला कुणाची हरकत नाही. सुचवायची ती नावं जॉसच्या रिव्ह्यूअर-यादीतून विषय बघून काढा आणि गिटहबची नावं लिहिताना पुढे ॲटची खूण (@) लावू नका. तिकडे तसं सांगितलेलंच असतं, कारण संपादकाने विचारण्याआधीच माणसाला सूचना गेलेल्या आवडत नाहीत.

मिरज_जंक्शन

पायआयसीयू आधी सोडवा, आजच. रिव्ह्यूअर पळतो तो पहिल्या अर्ध्या तासात, आणि कारण कोड नसतो, इन्स्टॉल असतं. पायआयसीयूला सी प्लस प्लस कंपायलर, आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या हेडर फाइल आणि पीकेजी-कॉन्फिग लागतं. उबुंटूवर पीकेजी-कॉन्फिग आणि लिबआयसीयू-डेव्ह टाकलं की बहुतेकदा होतं. विंडोजवर साध्या पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, गेलात की कंपायलरची लांबलचक लाल चूक येते आणि माणूस खिडकी बंद करतो. ते ऐच्छिक करा: मूळ पॅकेज शुद्ध पायथनचं, आणि ज्याला आयसीयू हवं त्याने एक्स्ट्रा म्हणून घ्यावं.

विंडोजवर दुसरं हमखास मोडणारं म्हणजे ओपन फंक्शन. एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर विंडोजवर पायथन स्थानिक कोडपेज धरतं, यूटीएफ-८ नाही. मग रीडमीतलं पहिलंच उदाहरण युनिकोड डिकोड एररने पडतं किंवा मजकुराच्या जागी कचरा दिसतो. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहा. राहिलेल्या जागा शोधायला पायथन ३.१०पासून एन्कोडिंग वॉर्निंग आहे, ती चालू करून टेस्ट चालवा. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या गिटहब ॲक्शन्समध्ये विंडोज, उबुंटू आणि मॅक तिन्ही लावून ठेवा, पब्लिक रेपोला त्याचे पैसे पडत नाहीत.

यासाठी इंजिनिअरिंगची पोरं उत्तम. त्यांना पिअर रिव्ह्यू करा म्हणू नका, ते त्यांचं काम नाही. कोऱ्या मशीनवर रीडमी उघडून, कुणालाही न विचारता, पहिलं उदाहरण चालवा आणि जिथे अडलं तिथला स्क्रीन जसाच्या तसा इश्यूत टाका, एवढंच सांगा. पंधरा मिनिटांचं काम. तीन जणांनी केलं तरी रिव्ह्यूअरपर्यंत पोचणारी निम्मी घाण आधीच निघते.

हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स मोहिमेच्या भरवशावर मात्र राहू नका. २०२०मध्ये टी-शर्टसाठी रीडमीत एक शब्द बदलणाऱ्या पीआरचा इतका पूर आला की तेव्हापासून रेपोने स्वतः टॉपिक किंवा लेबल लावून हो म्हटल्याशिवाय पीआर मोजलाच जात नाही. त्यातून कोड येतो, तपासणी येत नाही. उलट आलेलं सगळं तुम्हालाच तपासत बसावं लागतं.

अर्धविराम (वाई)

भाषेच्या बाजूचं लिहितो. तुमच्या तिढ्याचं उत्तर असं की भाषेच्या माणसाला कोड दाखवायचाच नाही. त्याला तक्ता द्यायचा.

तक्त्यात दीडशे-दोनशे शब्द आणि एकच रिकामा रकाना, 'काय यायला हवं'. लायब्ररीचं उत्तर शेजारी ठेवू नका. ते दिसलं की माणूस 'ठीक वाटतंय' म्हणून पुढे जातो. त्यातले पन्नास शब्द दोघांना सारखेच द्या आणि जिथे दोघांचं जुळत नाही ते वेगळे काढा. ती तुमची चूक असेलच असं नाही, तिथे मराठीतच दोन रूढी असतात.

शब्द निवडताना मात्र कस लागतो. 'घर, झाड, पाणी' घालून काही निघत नाही. वर्णक्रमाच्या मॉड्यूलसाठी हे चार घ्या: फळ, फवारा, फल, फसवणूक. युनिकोडच्या क्रमाने ळ लगेच ल नंतर येतो, त्यामुळे फल, फळ, फवारा, फसवणूक असं लागतं. मराठी वर्णमालेत ळ हच्या पुढे, म्हणून फल, फवारा, फसवणूक, फळ. मग क्ष आणि ज्ञ. शाळेच्या वर्णमालेत ते शेवटी, पण काही कोश क्षमा, क्षेत्र हे शब्द कच्या पोटातच जोडाक्षर म्हणून लावतात. दोन्ही पर्याय ठेवा आणि मूळ कुठला ते कागदपत्रांत लिहा, नाहीतर प्रत्येक नवा रिव्ह्यूअर हीच 'चूक' काढेल.

नॉर्मलायझरसाठी दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना या जोड्या हव्यातच. दऱ्यातला र दोन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ म्हणजे युनिकोड ०९३१ आणि त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, ज्याला तुम्ही झेडडब्ल्यूजे म्हणता. न दिसणारी चिन्हं काढून टाकणारा कोड हा जोडक खातो आणि दऱ्यांचा दर्या होतो. डोंगरातल्या दऱ्या समुद्रात! एनएफसी, म्हणजे युनिकोडचं प्रमाणीकरण, लावून ही दोन रूपं एक होत नाहीत. ॲचंही तसंच, ॲ हे एकच चिन्ह आणि अवर चंद्र दिलेला, ही दोन रूपं युनिकोडच्या लेखी वेगळीच आहेत.

अक्षरं सुटी करण्याबाबत एक इशारा. क्षत्रिय हा शब्द पायथनच्या लेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला आठ चिन्हांचा दिसतो, वाचणाऱ्याला क्ष, त्रि, य असा तीन. युनिकोड १५.१मध्ये, २०२३ साली, जोडाक्षर एकच तुकडा धरण्याचा नियम आला. त्यामुळे खालची लायब्ररी जुनी असली की उत्तर बदलतं. तक्त्यासोबत युनिकोडची आवृत्ती लिहाच, नाहीतर रिव्ह्यूअरचं आणि तुमचं वेगळं येईल आणि दोघेही बरोबर असाल.

माणसं कोण? मुद्रितशोधक, ग्रंथपाल, शब्दसूची करणारे, मराठी विकिपीडियावर जुने झालेले संपादक. आमच्या वाईत विश्वकोशाचं काम झालंय, त्यामुळे अकारविल्हे लावणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही अशी माणसं इथे आहेत. त्यांना गिटहबवर खातं काढायला लावू नका, साधी एक्सेल फाइल पाठवा. शिक्षक असतील तर फेब्रुवारी-मार्च सोडून, परीक्षा असतात.

अजून एक. टेस्टमध्ये वर्तमानपत्रातले उतारे घातले असतील तर काढा. आपल्याकडे हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं राहतो. एमआयटी परवान्याच्या रेपोत दुसऱ्याचा मजकूर दिसला की तपासणी तिथेच थांबते.

कराडचा_गिट

अर्धविराम यांचं बाकी सगळं मान्य, पण एक्सेल नको राव. शब्द दुसऱ्या फाइलीत चिकटवताना वाटेत जोडक गळाला तर कुणाला कळणार? आणि सीएसव्हीला सुरुवातीची बीओएम ही एन्कोडिंग ओळखायची खूण नसेल तर एक्सेल मराठीचा चुथडा करतं. गूगल शीट द्या, आणि उतरवून घेताना प्रत्येक शब्दाचे कोडपॉइंट मोजून मूळ यादीशी ताडून बघा.

अर्धविराम (वाई)

शीट चालेल. ताडून बघायचं काम मात्र तुमच्या बाजूला ठेवा, आमच्या नाही.

मिरज_जंक्शन

अधिकारांबद्दल राहिलं. कुणी दोन चांगले रिव्ह्यू दिले की लोक खूश होऊन राइट ॲक्सेस देऊन टाकतात. देऊ नका. पब्लिक रेपोच्या पीआरवर कुणीही रिव्ह्यू लिहू शकतो, त्याला काही अधिकार लागत नाही. फक्त त्याची मंजुरी ब्रांच प्रोटेक्शनच्या सक्तीच्या मंजुरीत धरली जात नाही, आणि ते बरंच आहे. रेपो तुमच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर कोलॅबोरेटर करणं म्हणजे थेट लिहायचा अधिकार, मधली पायरीच नाही. ऑर्गनायझेशन काढून रेपो तिकडे हलवा, फुकट आहे, आणि तिथे ट्रिआज ही भूमिका मिळते: इश्यूंना लेबल लावता येतं, कोडला हात लावता येत नाही. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली आकाराने लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१मध्ये चोरदरवाजा सापडला, तो घालणाऱ्याने आधी दोनेक वर्षं मदतनीस म्हणून विश्वास मिळवला होता आणि एकटा, थकलेला मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, गाठला होता. आभार मानायचे तर रीडमीत नाव घाला, रिलीज नोट्समध्ये कुणी काय शोधलं ते लिहा. पायपीआयची किल्ली कुणाला देऊ नका.

विश्रामबाग_पायथन (सांगली)

पायआयसीयू ऐच्छिक करतो, ऑर्गनायझेशनही काढतो. पहिला तुकडा नॉर्मलायझर, ३१० ओळी. पत्राचा मसुदा असा केलाय:

'नमस्कार. आम्ही मराठीसाठी एक महत्त्वाकांक्षी ओपन सोर्स लायब्ररी विकसित करत असून आपल्यासारख्या तज्ज्ञांचे अमूल्य मार्गदर्शन लाभल्यास आभारी राहू. सोयीनुसार कृपया कोड पाहून अभिप्राय कळवावा.'

अजिंक्यतारा_वाचक (सातारा)

हे सत्काराच्या निमंत्रणासारखं झालंय. 'सोयीनुसार' म्हणजे कधीच नाही, आणि 'मार्गदर्शन' म्हटलं की समोरचा घाबरतो. असं करा:

'नमस्कार. तुम्ही अमुक लायब्ररीत झेडडब्ल्यूजेवर टाकलेला इश्यू वाचला, म्हणून तुम्हालाच विचारतोय. मराठी नॉर्मलायझरचं एक मॉड्यूल आहे, ३१० ओळी, दुवा खाली. दोन प्रश्नांवर मत हवंय: ऱची दोन रूपं एक करताना कुठला शब्द बिघडतो का, आणि फंक्शनांची नावं वापरणाऱ्याला कळतात का. दीड-दोन तासांचं काम आहे. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमेल का? जमत नसेल तर नाही एवढंच कळवा, वाईट वाटणार नाही. रिलीज नोट्समध्ये तुमचं नाव घालू, नको असेल तर तसं सांगा.'

पहिलं वाक्य प्रत्येकाला वेगळं हवं. तेच पत्र सगळ्यांना चिकटवलं की लगेच ओळखू येतं. दोन माणसं हवी असतील तर पाच-सहा जणांना विचारा, पण एकदम नको, दोन-दोन करून. सगळेच हो म्हणाले तर तेच तेच मुद्दे चौघांकडून येतात आणि दोघांची मेहनत फुकट जाते. दहा दिवसांनी एक आठवण, त्यानंतर नाही.

आलेल्या प्रत्येक मुद्द्याचा वेगळा इश्यू करा आणि बंद करताना कमिटचा दुवा द्या. पटलं नाही तर कारण लिहून बंद करा, पण उत्तर दिल्याशिवाय सोडू नका. पुढचा रिव्ह्यूअर हो म्हणण्याआधी मागच्याचं काय झालं ते वाचतो.

कराडचा_गिट

पीआर उघडलात की दुवा इथे टाका. नॉर्मलायझरचा पहिला रिव्ह्यू मी घेतो. बेस मेन नाही ना, तेवढं बघा.